चॅन कुठे गेला?

हॉलिवूडचा चिनी डिटेक्टिव्ह चार्ली चॅन वर्षानुवर्षं गोरे नट रंगवत. वेन वांगने १९८२ साली त्याला 'चॅन इज मिसिंग'मधून मिश्किल उत्तर दिलं. खर्च सुमारे २२ हजार डॉलर्स! सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधले टॅक्सीवाले जो आणि स्टीव्ह परवान्यासाठी चॅनला ४ हजार डॉलर्स देतात, चॅन बेपत्ता. मग हे दोघे हौशी गुप्तहेर बनून दारोदार धडपडतात. बायकोच्या मते चॅन फारच चिनी. दुसरा म्हणतो, त्याने चिनी वर्डप्रोसेसर बनवला. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे कान इथे टवकारतात.) पैसे परत मिळतात, चॅन नाही. फोटोतही चेहरा सावलीत!

मी हरवलो, तर ऑफिसातले, मंडळातले आणि माझी मुलं एकाच माणसाचं वर्णन करतील? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "कुणाकुणाला विचारायचं, ते आधी लिहून ठेव."