वाशिममधल्या जमीन-प्लॉटच्या एजंटाने फोन घ्यावा की कॉम्प्युटर?

समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग तर थेट वाशिमवरूनच जातो. असे रस्ते आले की जमिनीची चौकशी करणारा माणूस पंचक्रोशीतलाच राहत नाही. तो पुण्याहून किंवा मुंबईहून फोन करतो. आधी फोटो मागतो, मग लोकेशन, मग सातबारा. हे सगळे सांभाळायला साधन लागते, आणि एजंट मंडळी पहिला खर्च करतात तो भारी फोनवर. कॉम्प्युटरची कामे बाहेर एखाद्या सेवा केंद्रात उरकली जातात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. फोनमुळे गिऱ्हाईक जोडले जाते हे खरे, पण व्यवहार बुडण्यापासून वाचवतो तो मोठ्या पडद्यावर नीट वाचलेला कागद.

समजा, रिसोड रस्त्याला लागून असलेले दोन एकर शेत विकायचे आहे. पहिले काम सातबारा काढण्याचे. महाभूलेख या संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो आणि त्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून उतारा खरा आहे का ते पाहता येते. मग वाचायचे. जमीन भोगवटादार वर्ग-१ ची आहे की वर्ग-२ ची? वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्रीचा विचारच करू नये. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, कुळाची नोंद आहे का? खाली दिलेले फेरफार क्रमांक घेऊन एकेक फेरफार उघडायचा, म्हणजे बहिणींची नावे कधी आणि कशी कमी झाली ते कळते. पुढे महाभूनकाशावर गट नंबर टाकून शेताचा आकार आणि शेजारचे गट बघायचे. शेवटी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विनामूल्य ई-सर्चवर वर्षवार सूची-२ तपासायची, कारण झालेली खरेदी फेरफाराला लागेपर्यंत मध्ये काळ जातो.

आता हे सगळे सहा-साडेसहा इंची फोनवर करून बघा. सातबारा बोटांनी मोठा केला की उजवीकडचा रकाना पडद्याबाहेर जातो, आणि बोजा नेमका तिथेच लिहिलेला असतो. ई-सर्चची पाने फोनवर अडखळतात. डाव्या बाजूला सातबारा, उजव्या बाजूला नकाशा असे शेजारी ठेवून ताडून बघायला बावीस-चोवीस इंची पडदा लागतो. ऑफिस एका जागी असेल तर मी डेस्कटॉपच सुचवेन: त्याच पैशांत मोठा पडदा मिळतो आणि बिघडल्यास सुटा भाग बदलता येतो. कारंज्यापासून रिसोडपर्यंत सतत फिरणाऱ्याने लॅपटॉप घ्यावा, पण टेबलावर त्याला जोडायला वेगळा मॉनिटर ठेवावा.

प्रोसेसरवर पैसे उधळू नयेत. पीडीएफ, ब्राउझर आणि एक्सेल एवढ्या कामाला साधा प्रोसेसर भरपूर होतो. रॅम आठ जीबीपेक्षा कमी नको, सोळा असेल तर उत्तम. डिस्क मात्र एसएसडीच हवी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर नवी मशीनही रेंगाळते. वापरलेला लॅपटॉप घेण्यात गैर काही नाही, पण एक गोष्ट विचारूनच पैसे द्यावेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक मशीन नेमक्या याहून जुन्या असतात, आणि बँकेचे व्यवहार, लोकांची कागदपत्रे ज्यावर ठेवायची ती मशीन सुरक्षा अपडेटशिवाय चालवणे बरे नाही. सोबत एक यूपीएस घ्या. जुनी खरेदीखते सपाट काचेच्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करा. फोनने काढलेल्या फोटोत घडीवरचे अक्षर पुसट येते. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे गावाचे किंवा मालकाचे नाव टाकून जुनी फाइल शोधता येते.

एक एक्सेल पत्रक पहिल्याच दिवशी करून ठेवावे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकरी एकरात बोलतो आणि प्लॉटवाला चौरस फुटात. एक एकर म्हणजे ४०.४७ आर किंवा ४३,५६० चौरस फूट. हे सूत्र एकदा बसवले की ०.८१ हेक्टर म्हणजे दोन एकर हे मशीन सांगते, आणि तोंडी हिशेबातून होणारे वाद इसार पावतीपर्यंत पोचत नाहीत.

आता फोन. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात शेतात उभे राहिल्यावर पडदा दिसला पाहिजे, म्हणून दुकानाबाहेर उन्हात नेऊन तो बघावा. तापलेला फोन स्वतःहून पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये. बॅटरी ५,००० एमएएच, साठवण निदान १२८ जीबी, दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची. ज्या गावांत तुमचे काम आहे तिथे कोणाची रेंज येते ते आधी तिथल्याच लोकांना विचारा. घरे दाखवायची असतील तर वाइड-अँगल कॅमेरा उपयोगी पडतो, पण त्याने खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. फोटोखाली लांबी-रुंदी लिहिणे हा सचोटीचा भाग आहे. फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर त्यांचा दर्जा टिकतो.

शेताला घर क्रमांक नसतो. पांदण रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून तिथले लोकेशन वेगळे पाठवा आणि शेताचे वेगळे. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा.

पण जीपीएसवर हद्द ठरवू नका, हे मी ठासून सांगेन. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटर इकडे-तिकडे असतो, झाडीत आणि इमारतींजवळ त्याहून जास्त. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. तीस बाय पन्नासच्या प्लॉटची निम्मी रुंदी एवढ्यातच गेली! दोन फ्रिक्वेन्सी वापरणारा फोन थोडा बरा, तरी मोजणीचे काम त्याचे नव्हे. भूमी अभिलेख विभागाची मोजणी रोव्हर यंत्राने होते, ती सेंटिमीटरमध्ये बोलते. गिऱ्हाइकाला फोनवर आखलेली हद्द दाखवायची असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द त्यावर लिहा आणि अधिकृत मोजणीचा अर्ज करायला सांगा.

आता जाहिरात आणि नोंदींचे नियम. निव्वळ शेतजमिनीच्या विक्रीला रेरा हा स्थावर संपदा कायदा लागत नाही. पण ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून ते विकायचे तर प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि असे प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाचीही महारेराकडे नोंदणी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. फोनवर बनवलेल्या छोट्या जाहिरातीतही तो इतका मोठा ठेवा की दुसऱ्या फोनने सहज स्कॅन होईल. रेरा कायद्याच्या कलम १० नुसार एजंटाने हिशेब आणि कागदपत्रे जपून ठेवायची असतात. व्हॉट्सअॅपच्या गर्दीत ती सापडत नाहीत. प्रत्येक व्यवहाराचे एक फोल्डर करा, त्याला तालुका, गाव, गट नंबर असे नाव द्या, आणि त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी क्लाउडवर ठेवा.

त्या फोल्डरमध्ये लोकांचे आधार आणि पॅन असते. जिथे चालेल तिथे आकडे झाकलेले मास्क्ड आधार मागा, कोणाचेही कागद ग्रुपवर टाकू नका, आणि जुना फोन विकण्याआधी आपल्या खात्यातून बाहेर पडून तो फॅक्टरी रीसेट करा.