पाणबुडी की मासा? समुद्राखालची घुसखोरी पकडणं इतकं अवघड का?

रात्रीचे अडीच वाजलेत आणि उशाशी ठेवलेला फोन ठणाणा वाजतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे अधूनमधून 'ऑन-कॉल' ड्युटी असते. सर्व्हरमध्ये काही बिघडलं की फोनवर अलर्ट येतो. मागच्या वर्षी एकच अलर्ट सलग पाच रात्री आला आणि पाचही वेळा खोटा निघाला. वैतागून सहाव्या रात्री मी तो म्यूट केला आणि झोपलो. नेमका त्याच रात्री सर्व्हर खरंच पडला! सकाळी मॅनेजरसमोर माझं काय झालं ते विचारू नका.

हे सगळं सांगतोय कारण स्वीडनच्या नौदलाने हाच घोळ अनेक वर्षं अनुभवलाय. फक्त त्यांचा अलर्ट पाणबुडीचा होता.

घुसखोरी म्हणजे नक्की काय?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे साधारण २२ किलोमीटरचा समुद्र हा त्या देशाच्या हद्दीत मोडतो. परदेशी जहाजाला तिथून कुणाला त्रास न देता जाता येतं. पाणबुडीलाही येतं, पण आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतो की तिने पाण्यावर यायचं आणि झेंडा दाखवत जायचं. परवानगीशिवाय पाण्याखालून गेली, की झाली घुसखोरी.

२७ ऑक्टोबर १९८१ ला एक सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नौदल तळाजवळ चक्क खडकावर चढून बसली. दिशादर्शक यंत्रणा बिघडली, असं सोव्हिएत बाजूचं म्हणणं. ती साधारण दहा दिवस अडकून होती. स्वीडिश तज्ज्ञांनी बाहेरून मोजमाप केलं तेव्हा युरेनियमच्या खुणा मिळाल्या, म्हणजे आत बहुधा अण्वस्त्रं होती. आणि ती सापडली कशी माहितीये? सोनारने नाही, स्थानिक मच्छीमारांमुळे!

त्यानंतर देश हादरला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८२ मध्ये, स्टॉकहोमजवळच्या मुस्को तळाच्या परिसरात मोठी शोधमोहीम झाली. पाण्यात स्फोटकं टाकली गेली, पण वर काहीच आलं नाही.

रडार आणि जीपीएस असताना अडचण काय?

तुमच्या फोनमधलं जवळपास सगळं रेडिओ लहरींवर चालतं : नेटवर्क, वाय-फाय, जीपीएस. खारं पाणी या लहरी पटकन गिळून टाकतं, म्हणून रडार पाण्याखाली आंधळं होतं. प्रकाशही फार खोल जात नाही. उरतो फक्त आवाज. तो मात्र पाण्यात जोरात पळतो, सेकंदाला साधारण १,५०० मीटर. हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. म्हणून पाणबुडी शोधायची म्हणजे ऐकायचं.

ऐकायचे दोन प्रकार. पॅसिव्ह सोनार गुपचूप कान देऊन बसतो. अॅक्टिव्ह सोनार स्वतः 'पिंग' सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. यात तोटा असा, की पिंग केलंत की तुम्ही कुठे आहात हे समोरच्याला कळतं. अंधारात चोर शोधायला टॉर्च लावल्यासारखं : तुम्हाला चोर दिसायच्या आधी चोराला तुम्ही दिसता.

त्यातून आवाज सरळ जातही नाही. पाण्याचं तापमान, खारटपणा आणि दाब बदलला की त्याचा वेग बदलतो आणि तो वळतो, जसा ग्लासातला चमचा वाकडा दिसतो. बाल्टिक समुद्रात नद्यांचं गोडं पाणी येतं, त्यामुळे वर कमी खारट आणि खाली जास्त खारट असे थर बनतात. अशा थराआड पाणबुडी लपू शकते. शिवाय हा समुद्र उथळ, सरासरी खोली अंदाजे ५५ मीटर, आणि किनाऱ्यालगत हजारो खडकाळ बेटं. एक पिंग केलं की दहा खडक उत्तर देतात.

आणि पाणबुडी स्वतः किती शांत? डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी बॅटरीवर चालताना जवळजवळ आवाजच करत नाही. स्वीडनचीच 'गॉटलंड' इतकी शांत होती, की अमेरिकेने २००५ मध्ये ती भाड्याने नेली, फक्त आपल्या नौदलाला सराव मिळावा म्हणून.

मग मासा कुठून आला?

स्वीडिश नौदलाला पाण्याखाली एक विशिष्ट आवाज वारंवार ऐकू यायचा, काहीतरी तळल्यासारखा चुरचुर. घुसखोर पाणबुडीच, असं त्यांना वाटत होतं. १९९० च्या दशकात मॅग्नस वॉलबर्ग आणि होकान वेस्टरबर्ग या शास्त्रज्ञांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं गेलं. त्यांनी शोध घेतला तर कारण निघालं हेरिंग मासा, आपल्या तारलीचा लांबचा नातेवाईक! त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीची एक नळी थेट मागच्या बाजूला उघडते. थव्यातल्या माशांनी एकदम हवा सोडली की बुडबुड्यांचा तो आवाज येतो. हो, सरळ सांगायचं तर मासे पादत होते. याच विषयाच्या संशोधनाला २००४ चं इग नोबेल मिळालं.

हसून झालं असेल तर आता दुसरी बाजू बघू.

खोटा अलर्ट परवडला, पण...

९ डिसेंबर १९७१. दीवजवळ आपली आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडी शोधायला निघाली होती. पण पाणबुडीने, पीएनएस हंगोरने, तिला आधी गाठलं आणि टॉर्पेडो सोडला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

आमच्या भाषेत पहिल्या चुकीला म्हणतात 'फॉल्स पॉझिटिव्ह' : नसलेली गोष्ट दिसणं. दुसरी 'फॉल्स निगेटिव्ह' : असलेली गोष्ट न दिसणं. सिस्टीमचे कान जास्त तिखट केले तर मासेही पाणबुडी वाटतात. कमी केले तर पाणबुडी मासा वाटते. एकाच यंत्राने दोन्ही चुका शून्यावर येत नाहीत.

म्हणून उपाय एकच, अनेक वेगवेगळे पुरावे जोडणं. विमानातून टाकलेले सोनोबॉय ऐकतात, काही विमानांतली उपकरणं लोखंडी सांगाड्यामुळे बदललेलं चुंबकीय क्षेत्र टिपतात, जहाजं पिंग करतात. भारताची पी-८आय विमानं गोव्याच्या आयएनएस हंसावरूनही उडतात. आणि खास उथळ पाण्यासाठी बांधलेलं आयएनएस अर्नाळा जून २०२५ मध्ये नौदलात आलं. नाव ओळखीचं वाटलं ना? वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्यावरूनच ठेवलंय.

स्वीडनने एक गोष्ट मात्र मस्त केली : जुने पुरावे पुन्हा तपासले आणि चुका जाहीर मान्य केल्या. २०१४ मध्ये स्टॉकहोमच्या बेटांमध्ये पुन्हा मोठी मोहीम झाली. त्यातला एक महत्त्वाचा सिग्नल स्वीडनमधल्याच एका वस्तूचा होता, हे २०१६ मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं. म्हणजे सगळ्याच घुसखोऱ्या खोट्या होत्या असं नाही. खडकावरची ती पाणबुडी तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

मीही आता अलर्ट म्यूट करत नाही. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तरच तो मला उठवतो, आणि एकटी खूण नोंदवहीत जाते. रोज सकाळी चहाबरोबर मी ती नोंदवही वाचतो. बहुतेक वेळा त्यात मासेच असतात. तरी वाचतो.