पाचवरून सातवर : पीएचपीच्या बदलाचा मागोवा

३ डिसेंबर २०१५ रोजी पीएचपी ७ आलं. सोलापुरातल्या चादरी-टॉवेलवाल्यांच्या ज्या वेबसाइट मी सांभाळत होतो, त्या तेव्हा सगळ्या पाचवर होत्या. मधलं सहावं आलंच नाही. भाषेच्या गाभ्यातच युनिकोड आणण्याचा तो बेत २०१० मध्ये गुंडाळला गेला, आणि आपल्यासाठी ते नुकसान मोठं होतं. आजही पीएचपीला ‘सोलापूर’ची लांबी साध्या ‘एसटीआरलेन’ने विचारा, उत्तर येतं २१, कारण ते बाइट मोजतं.

सातचा वेग मात्र खरा होता. दिमित्री स्टोगोव्ह आणि सहकाऱ्यांनी आतली मांडणीच बदलली. ६४ बिटी मशीनवर एका व्हॅल्यूचा साचा २४ बाइटवरून १६ वर आला. मेमरी वाचली, पानं लवकर तयार होऊ लागली, तेही त्याच शेअर्ड होस्टिंगवर, जादा पैसे न मोजता.

तरी गिऱ्हाईक विचारायचं, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" प्रश्न रास्त होता. सी-पॅनेलमध्ये आवृत्ती बदलणं एका क्लिकचं काम. पण जुन्या ‘मायएसक्यूएल_’ फंक्शनांवर उभी साइट सातवर गेली की बंद, कारण सातने ती काढूनच टाकली होती. ती बदलून नवं कनेक्शन यूटीएफ-८ केलं की दुसरा घोळ समोर यायचा. वर्षानुवर्षं चुकीच्या एन्कोडिंगमध्ये साठलेलं मराठी उघडं पडायचं आणि ‘जेकार्ड चादर’च्या जागी खुणांची जत्रा दिसायची. आधी डेटाबेसची प्रत काढून मजकूर दुरुस्त करणं, हाच खरा खर्च होता.

३१ डिसेंबर २०१८ ला ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या आणि थांबण्याला कारण उरलं नाही. २०२० मध्ये आठ आलं ते ‘जेआयटी’चा गाजावाजा घेऊन. दुकानाच्या साइटला त्याचा फारसा उपयोग नाही. तिचा वेळ जातो डेटाबेसची वाट पाहण्यात आणि कॅमेऱ्यातून थेट चढवलेले चादरींचे अवजड फोटो उतरवण्यात. वेगासाठी आधी इंडेक्स आणि फोटो बघा.

आवृत्ती मात्र सुरक्षेसाठी बदलावीच लागते. ७.४ चाही आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. तुमची साइट अजून तिथेच असेल, तर बॅकअप घ्या, प्रतीवर चालवून पाहा आणि याच महिन्यात पुढे न्या.