लहरीपुऱ्याची रहदारी कोणाच्या हाती?

जुन्या बडोद्याला चार दरवाजे. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट आणि पश्चिमेला आपला लहरीपुरा, मधोमध मांडवी. हे दरवाजे बांधले तेव्हा त्यांतून माणसे, घोडे, बैलगाड्या जात, फार तर एखादा हत्ती. आज त्याच मापाच्या जागेतून स्कूटर, रिक्षा आणि मंगळबाजाराची गर्दी वाट काढते. "रस्ता रुंद करा," असे आपण सहज म्हणून जातो. पण मग दरवाजा पाडायचा की शेजारची जुनी घरे-दुकाने, तेही सांगावे लागेल! तेव्हा आहे ती जागा कोणाला किती द्यायची, एवढाच प्रश्न उरतो.

भारत सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने याचे उत्तर दिले आहे: रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यावी. मुलांनो, साधा हिशेब करा. उभ्या मोटारीला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते आणि तिच्यातून बहुधा एक-दोनच माणसे आलेली असतात. तेवढ्याच जागेत पाच-सहा स्कूटर राहतात. बस याहून बरीच मोठी, पण ती ४० माणसे उतरवून निघून जाते. जागा अडवून बसत नाही.

मग हे ठरवते कोण? इथे बरेच पालकही गोंधळतात. रस्ता, पदपथ, दिवे आणि वाहनतळ ही महानगरपालिकेची कामे. खर्चाला स्थायी समितीची मंजुरी लागते. नवे वाहन घेताना आपण आजीवन वाहनवेरा भरतो, तोही महानगरपालिकेलाच. पण एकमार्गी रस्ता किंवा 'वाहने उभी करू नयेत' हा हुकूम पोलीस आयुक्त काढतात. रिक्षाचा परवाना आर.टी.ओ.कडे. शहरबस बडोद्यात पूर्वी राज्य परिवहन चालवीत असे, पुढे ती महानगरपालिकेने खाजगी ठेकेदारामार्फत चालू ठेवली. एका चौकाचे इतके धनी! पदपथ बांधला आणि त्यावर स्कूटर उभ्या राहिल्या, की एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते. माझ्या मते आपली निम्मी कोंडी या वाटणीतच आहे.

लारीवाल्यांना हटवले की सगळे सुटेल, असेही ऐकू येते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने मात्र ते इतके सोपे ठेवलेले नाही. शहरात विक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत आणि विक्रीच्या जागा तिच्या सल्ल्याने ठरायला हव्यात. आणि खरे सांगायचे तर, लारीपाशी थांबणारे गिऱ्हाईक बहुधा पायीच असते.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याची अवस्था आपल्या मंगळबाजारासारखीच. तेथे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी 'पादचारी दिन' पाळून रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला. एक दिवसाचा प्रयोग केला, की कायमचा पैसा ओतण्याआधी अडचणी कळतात: दुकानाचा माल केव्हा उतरवायचा, म्हाताऱ्यांनी रिक्षा कोठे सोडायची, रुग्णवाहिका कशी येणार. लहरीपुऱ्यालाही हेच प्रश्न आहेत. २०१८ साली न्यायालये न्यायमंदिरातून दिवाळीपुऱ्यास गेली. वकील-पक्षकारांची गर्दी हलली, बाजाराची राहिली.

असा प्रयोग मागायचा तर हाती आकडे हवेत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी चारचार जणांचे गट करून, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे लहरीपुरा दरवाज्यापाशी मोजणी करावी: पायी किती, सायकलवर किती, स्कूटरवर किती, रिक्षात किती, मोटारीत किती. वाहने नव्हे, माणसे मोजायची. तक्ते वर्गशिक्षकांकडे द्यावेत. पदपथाबद्दलचा अर्ज वॉर्ड कचेरीत आणि वाहने उभी करण्याबद्दलचा पोलीस आयुक्तांकडे, असे दोन वेगळे अर्ज त्यांवरून लिहिता येतील.