गळतंय एकीकडे, भोक दुसरीकडे!

बालमित्रांनो, मे महिना सरत आला की आमच्या कोकणात घरोघरी माणसं छपरावर चढलेली दिसतात. कौलं परतण्याचं काम चालू असतं. सात जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी छप्पर नीट झालं नाही, तर घरभर टोप-पातेली मांडून बसायची पाळी येते!

मी पाचवीत असताना आमच्याकडे असंच झालं. माजघरात बरोबर भाताच्या कणगीवर पाणी ठिबकायचं. बाबांनी कणगीच्या डोक्यावरचं कौल बदललं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा टप् टप्! पुन्हा बदललं. तिसऱ्या वर्षी कणगीतल्या भाताला मोड आले. बियाण्याचं भात होतं ते!

मग आजोबांनी भर दुपारी माजघराची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मला म्हणाले, "बघ वर. उजेड कुठून येतो?" कणगीपासून चांगलं चार हात दूर, आढ्याजवळ, एक बारीक कवडसा होता. तिथलं कौल वानरांच्या उड्यांनी सरकलं असावं. पाणी तिथून शिरायचं, वाशाच्या खालच्या अंगाने घसरत यायचं आणि वाशाच्या गाठीशी अडून थेंब खाली पडायचा. आजोबांनी शिडीवरून त्या फटीतून माडाचा हीर वर सरकवला. छपरावरच्या बाबांना तो दिसला आणि कौल सापडलं! वासा मात्र इतका कुजला होता की त्यात नख रुतत होतं. तो बदलावाच लागला.

मंगलोरी कौल नीट पाहिलंत का कधी? १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला त्याचा कारखाना काढला. खालच्या बाजूच्या खुंट्या रिपेला अडकतात आणि कडेच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात. पण त्या खाचांत पालापाचोळा साचला, की पाणी तुंबून उलटं आत येतं. म्हणून कौलं परतताना ती झाडूनही घ्यायची. पन्हळही साफ हवी. ही कामं मोठ्यांची हं. शेवाळलेल्या छपरावर तुम्ही चढायचं नाही.

वादळाची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा नीट बसवलेली कौलंही उडाली. अशा वेळी वह्या-पुस्तकं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवायची आणि वेळेत पक्क्या इमारतीत जायचं.

शहरातल्या स्लॅबचंही असंच आहे बरं का! गच्चीला तडा एका कोपऱ्यात, आणि पाणी ठिबकतं पंख्याच्या हुकातून. तसं दिसलं तर बटणाला हात लावू नका, मोठ्यांना मेन स्विच बंद करायला सांगा. गच्चीवरची पाणी जायची भोकं पावसाआधी मोकळी केलीत का, हेही विचारा.

गेल्या मे महिन्यात मी माझ्या लेकीला तसंच अंधाऱ्या माजघरात उभं केलं. तिने तीन कवडसे शोधले. मला दोनच दिसले होते.