सूटपत्र आणि काडीमोड

माझी मावशी ख्रिस्ती होती. नवरा दारू पिऊन तिला मारी. ती धर्मगुरूंकडे गेली, तेव्हा उत्तर मिळाले : विवाह अतूट आहे, सहन कर. तिने मरेपर्यंत सहन केले. तिची आजी बाप्तिस्म्यापूर्वी महारवाड्यात राहिलेली. तेथे काडीमोड होई, बाई पाट लावून पुन्हा संसार थाटी. जातपंचायत पुरुषांचीच होती, हे खरे. पण बाईची वाट कायमची बंद नव्हती. धर्मांतराने आम्हाला माणूसपण दिले. मग बाईची ही वाट का बंद झाली?

एक कारण कायदा. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेच कारण पुरे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नव्हता. ही विषमता 2001 च्या दुरुस्तीने गेली, परस्परसंमतीचा घटस्फोटही आला. कायदा बदलला, मंडळीचे मन किती बदलले?

दुसरे कारण शास्त्राचे अर्धे वाचन. अनुवादाच्या 24 व्या अध्यायात सूटपत्र देणारा नवराच आहे. पुढे हिल्लेलचे अनुयायी म्हणत, स्वयंपाक बिघडला तरी बायको सोडता येते. शम्मायचे अनुयायी ते मानीत नसत. मत्तयाच्या 19 व्या अध्यायात परूश्यांनी येशूला विचारले तो हाच वाद. कोणत्याही कारणाने बायको टाकता येते काय, हा प्रश्न टाकणाऱ्या पुरुषांचा होता. येशूचा नकार त्यांना होता. त्याच नकाराची बेडी करून आपण ती मार खाणाऱ्या बाईच्या पायांत घातली.

मलाखीच्या दुसऱ्या अध्यायाचा हवाला नेहमी दिला जातो. पण तेथे तारुण्यातल्या पत्नीशी केलेला विश्वासघात आणि जुलूम यांचाही धिक्कार आहे, हे कोणी सांगत नाही. पौलही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायात म्हणतो की, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर मागे राहिलेली व्यक्ती बांधलेली नाही. बंधूबरोबर तो बहिणीचेही नाव घेतो. मारहाणीचा उल्लेख तेथे नाही, हे मी मान्य करतो. पण रोज मारणारा नवरा घरात राहूनही नाते सोडून गेलेलाच असतो, असे मला वाटते.

विवाह टिकावा, असे मलाही वाटते. पण मोशेने परवानगी दिली ती अंतःकरणाच्या कठोरपणामुळे, असे येशू सांगतो. माझ्या मावशीच्या घरात हा कठोरपणा कोणाचा होता? आणि शिक्षा कोणी भोगली?