इनहेरिटन्सचे बग : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेटवेवरून मांडव्याला लाँच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून गाड्यांसकट नेणारी रो-रो. दिघी-आगरदांडा आणि बागमांडला-वेसवी इथे खाडी ओलांडणारी जंगलजेटी. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाची होडी. रायगडच्या किनाऱ्यावर ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला सरावासाठी याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही. सगळीकडे प्रवासी आहेत, तिकीट आहे, तरी प्रत्येकीची तऱ्हा निराळी. म्हणून ‘जलसेवा’ हा पॅरेंट क्लास आणि लाँच, रो-रो, जंगलजेटी, होडी हे त्याचे चाइल्ड क्लास. कागदावर आकृती झकास दिसते. प्रोग्रॅम चालवला की मात्र भाडं भलतंच येतं, एका बोटीचे प्रवासी दुसऱ्या बोटीत दिसतात आणि एरर अशा ओळीवर येते जिथे काहीच चुकलेलं नसतं.

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात असो की जिल्ह्यातल्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजात, व्हायव्हाला ‘इनहेरिटन्सचा फायदा काय?’ असं विचारलं तर ‘कोड पुन्हा वापरता येतो’ हे उत्तर तयार असतं. ते चूक नाही, अपुरं आहे. चाइल्ड क्लासकडे पॅरेंटचा कोड येतो, त्याबरोबर पॅरेंटने बाकीच्या प्रोग्रॅमला दिलेला शब्दही येतो. इनहेरिटन्सचे बहुतेक बग हा शब्द कुठेतरी मोडल्यामुळे होतात. खालचे गैरसमज तपासताना हे लक्षात ठेवावं. उदाहरणं मुख्यतः पायथनची आहेत, गरज पडेल तिथे जावाची.

गैरसमज १ : चाइल्ड क्लास लिहिला की पॅरेंटचं सगळं आपोआप येतं.

वस्तुस्थिती : मेथड येतात, डेटा येईलच असं नाही. समजा, ‘जलसेवा’च्या इनिट मेथडमध्ये मार्ग, आसनं आणि प्रवाशांची यादी तयार होते. ‘रोरो’ला गाड्यांची क्षमताही हवी, म्हणून आपण तिथे वेगळी इनिट लिहिली. पायथन आता हीच इनिट चालवतं, पॅरेंटची नाही. रो-रोचा ऑब्जेक्ट बिनतक्रार तयार होतो. पुढे कधीतरी तिकीट काढायला गेलं की ‘रोरो’ ऑब्जेक्टला ‘आसने’ हे अॅट्रिब्यूट नाही, असा निरोप येतो. एरर दिसते तिकिटाच्या ओळीवर, म्हणून विद्यार्थी तास तास तिकिटाची मेथडच तपासत बसतो. खरी चूक ऑब्जेक्ट बनला तिथे झालेली असते. उपाय एका ओळीचा आहे : चाइल्डच्या इनिटमध्ये सुरुवातीलाच ‘सुपर’मार्फत पॅरेंटची इनिट बोलवावी. पॅरेंटच्या ओळी कॉपी करून चाइल्डमध्ये चिकटवल्या तर एरर जाईल, पण उद्या पॅरेंट बदलला की तीच चूक नव्या रूपात परत येईल.

जावा इथे जरा कडक आहे. आपण काही लिहिलं नाही तर कंपायलर पॅरेंटच्या बिनआर्ग्युमेंटच्या कन्स्ट्रक्टरला स्वतःहून बोलावतो आणि तसा कन्स्ट्रक्टर नसेल तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

गैरसमज २ : एरर आली नाही, म्हणजे मेथड ओव्हरराइड झाली.

वस्तुस्थिती : नाव तंतोतंत जुळलं नाही तर ओव्हरराइड होत नाही, शेजारी नवीच मेथड जन्माला येते. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून क्लासची आणि मेथडची नावं देवनागरीत लिहिता येतात. पॅरेंटमध्ये ‘तिकीट_दर’ आणि चाइल्डमध्ये घाईत ‘तिकिट_दर’ लिहिलं तर पायथनच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत. ‘तिकीट_दर’ बोलावलं की पॅरेंटचाच दर निघतो. कुठेही लाल अक्षर दिसत नाही, फक्त रो-रोमध्ये चढणाऱ्या गाडीला लाँचच्या माणसाचं भाडं लागतं.

जावामध्ये हाच घोळ पॅरामीटरच्या प्रकारावरून होतो. पॅरेंटची मेथड ‘ऑब्जेक्ट’ प्रकार घेते आणि आपण चाइल्डमध्ये ‘रोरो’ प्रकार घेतला, तर ते ओव्हरलोड झालं, ओव्हरराइड नव्हे. ‘इक्वल्स’ मेथडच्या बाबतीत ही चूक फार जणांकडून होते. यावर २००४ च्या जावा ५ पासून ‘ओव्हरराइड’ ही खूण उपलब्ध आहे. ती लावली की वर जुळणारी मेथड नसल्यास कंपायलर अडवतो. पायथनने तशी खूण ऑक्टोबर २०२३ मध्ये, ३.१२ आवृत्तीत आणली. मात्र पायथन स्वतः ती तपासत नाही. मायपायसारखा टाइप चेकर चालवला तरच चूक पकडली जाते.

गैरसमज ३ : क्लासच्या वरच्या भागात यादी लिहिली की प्रत्येक ऑब्जेक्टला आपापली यादी मिळते.

वस्तुस्थिती : मेथडच्या बाहेर, थेट क्लासमध्ये लिहिलेली यादी सगळ्यांची मिळून एकच असते. त्या क्लासच्या प्रत्येक ऑब्जेक्टची आणि प्रत्येक चाइल्डचीही. ‘जलसेवा’त अशी प्रवासी-यादी ठेवली आणि जंगलजेटीच्या ऑब्जेक्टमध्ये आगरदांड्याचा प्रवासी जोडला, तर तो मांडव्याच्या लाँचमध्येही दिसतो. गंमत अशी की त्याच जागी आकडा ठेवला तर हा बग दिसत नाही. ऑब्जेक्टमार्फत नवा आकडा दिला की त्या ऑब्जेक्टवर वेगळं अॅट्रिब्यूट तयार होतं आणि क्लासवरचा मूळ आकडा तसाच राहतो. यादीत ‘अपेंड’ करताना मात्र मूळ यादीच बदलते. म्हणून बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे यादी, डिक्शनरी, सेट, इनिटमध्ये तयार कराव्यात. सर्वांना खरोखर समान असलेली आणि न बदलणारी माहितीच क्लासवर ठेवावी.

गैरसमज ४ : ‘सुपर’ म्हणजे पॅरेंट क्लास.

वस्तुस्थिती : एकच पॅरेंट असेल तेव्हा हे खरं वाटतं. पायथनमध्ये ‘सुपर’चा अर्थ ‘रांगेतला पुढचा क्लास’ असा आहे आणि ही रांग ऑब्जेक्ट ज्या क्लासचा असेल त्यावर ठरते. रो-रो माणसंही नेते, गाड्याही नेते. म्हणून ‘प्रवासीसेवा’ आणि ‘वाहनसेवा’ असे ‘जलसेवा’चे दोन चाइल्ड केले आणि ‘रोरो’ला दोघांचाही वारस केलं. आता शोधाची रांग लागते ती अशी : रोरो, प्रवासीसेवा, वाहनसेवा, जलसेवा. ‘प्रवासीसेवा’तल्या ‘सुपर’ने ‘जलसेवा’ बोलावली जाईल असं वाटतं, प्रत्यक्षात ‘वाहनसेवा’ बोलावली जाते.

आता ‘प्रवासीसेवा’ लिहिणाऱ्याने ‘सुपर’ टाळून थेट ‘जलसेवा’चं नाव घेऊन इनिट बोलावली असेल, तर ‘वाहनसेवा’ची इनिट वगळली जाते आणि गाड्यांची यादी तयारच होत नाही. यावर चिडून ‘रोरो’त दोन्ही पॅरेंट नावाने बोलावले, तर ‘जलसेवा’ची इनिट दोनदा चालू शकते. रांगेतल्या प्रत्येकाने ‘सुपर’च वापरावं, हाच साधा नियम. रांग ठरवण्याची सध्याची पद्धत, ‘सी थ्री’, पायथनमध्ये २००३ च्या २.३ आवृत्तीपासून आहे. क्लासवर ‘एमआरओ’ ही मेथड चालवली की पूर्ण रांग समोर येते. अंदाज बांधण्यापेक्षा ती छापून पाहावी.

जावात एका क्लासला एकच पॅरेंट क्लास असतो, म्हणून हा प्रश्न या रूपात येत नाही.

गैरसमज ५ : होडी ही जलसेवाच आहे, म्हणजे तिला ‘जलसेवा’चा चाइल्ड करणं बरोबरच.

वस्तुस्थिती : बोलीभाषेतलं ‘आहे’ प्रोग्रॅमला पुरत नाही. समजा, ‘जलसेवा’ने ‘पुढची_वेळ’ ही मेथड दिली आणि ती नेहमी एक वेळ परत देईल असा शब्द दिला. जंजिऱ्याची शिडाची होडी वारा, भरती-ओहोटी आणि माणसं बघून सुटते. तिला ठरलेली वेळ नाही. मग आपण चाइल्डमध्ये ‘नन’ परत देतो किंवा एक्सेप्शन फेकतो, आणि सगळ्या सेवांचं वेळापत्रक छापणारा लूप होडीपाशी कोसळतो. पावसाळ्याचंही तसंच. गेटवेवरच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, रो-रो हवामान बघून चालू राहते. ‘पावसाळ्यात बंद’ हा नियम पॅरेंटमध्ये ठेवला तर रो-रो त्याला अपवाद ठरते.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या एका भाषणात हे सूत्र मांडलं आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्याबरोबर ते काटेकोर केलं. पॅरेंटच्या जागी चाइल्ड ठेवला तरी पॅरेंटवर विसंबलेला प्रोग्रॅम बरोबर चालला पाहिजे, हे त्याचं सार. इथे लूपमध्ये ‘होडी असेल तर वगळा’ अशी अट घातली की बग झाकला जातो. अशी प्रत्येक अट पुढच्या चाइल्डला आणखी एक अट मागते. खरी दुरुस्ती वरच्या पातळीवर आहे. ‘जलसेवा’त फक्त सर्वांना लागू असलेलं ठेवावं आणि वेळापत्रक ‘वेळापत्रकी सेवा’ या वेगळ्या क्लासकडे द्यावं. होडी त्याची वारस नसेल, म्हणून तिला वेळ कुणी विचारणारच नाही.

ही चूक नवशिक्यांचीच असते असं नाही. जावाच्या मूळ लायब्ररीत ‘स्टॅक’ हा ‘व्हेक्टर’चा चाइल्ड आहे. त्यामुळे ज्यात फक्त वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, त्या स्टॅकच्या मध्येही वस्तू घुसवता येते. त्याच लायब्ररीतला ‘टाइमस्टँप’ हा ‘डेट’चा चाइल्ड असूनही ‘डेट’शी तुलना करताना दोन्ही बाजूंनी सारखं उत्तर देत नाही, हे जावाच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे.

गैरसमज ६ : पॅरेंटच्या टेस्ट पास झाल्या, म्हणजे चाइल्डही ठीक.

वस्तुस्थिती : पॅरेंट आतून कसा चालतो यावर चाइल्ड नकळत विसंबलेला असतो. ‘जलसेवा’त ‘तिकीट’ ही एका माणसाची मेथड आहे आणि ‘गट_तिकीट’ ही आतून ‘तिकीट’लाच प्रत्येक माणसामागे एकदा बोलावते. हिशेबासाठी ‘रोरो’ने दोन्ही ओव्हरराइड केल्या आणि दोन्हींत मोजणी वाढवली. चार जणांचं कुटुंब चढलं, नोंद झाली आठांची. मग कुणीतरी ‘रोरो’च्या ‘गट_तिकीट’मधली मोजणी काढून टाकतं आणि आकडा बरोबर येतो. सहा महिन्यांनी पॅरेंटचा लेखक वेग वाढवण्यासाठी ‘गट_तिकीट’ नव्याने लिहितो, त्यात ‘तिकीट’ला बोलावत नाही. पॅरेंटच्या सगळ्या टेस्ट पास होतात आणि रो-रोतल्या गटांची मोजणी शून्यावर येते. जोशुआ ब्लॉक यांनी जावावरच्या आपल्या २००१ च्या पुस्तकात याच जातीचा दोष सेटच्या उदाहरणावर दाखवला आहे. त्यांचा उपाय इथेही चालतो. मोजणाऱ्या क्लासने ‘जलसेवा’चा वारसा घेऊ नये, तिचा ऑब्जेक्ट आपल्या आत ठेवावा आणि काम त्याच्याकडे सोपवावं. याला कॉम्पोझिशन म्हणतात.

गैरसमज ७ : एवढा त्रास असेल तर इनहेरिटन्स वापरूच नये.

वस्तुस्थिती : इनहेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशनला झुकतं माप द्यावं, असा सल्ला चार लेखकांच्या डिझाइन पॅटर्नवरच्या १९९४ च्या प्रसिद्ध पुस्तकात आहे. तो बंदीहुकूम नाही. क्लास आणि त्याचा वारस ही कल्पना नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून आली. बंदरं, कारखाने, रांगा अशा गोष्टींची प्रतिकृती संगणकात चालवायची, तर एकाच कुळातल्या पण वेगळ्या वागणाऱ्या वस्तू मांडाव्या लागतात. ती गरज आजही आहे. पायथनची एक्सेप्शन्स इनहेरिटन्सवरच उभी आहेत आणि जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कची मॉडेलही. आकृती उथळ असेल आणि पॅरेंटचा शब्द स्पष्ट असेल, तिथे इनहेरिटन्स उत्तम चालतं.

बग समोर आला की कोडला हात लावण्याआधी पुढच्या क्रमाने तपासा. चूक दाखवणारा सर्वांत लहान प्रोग्रॅम लिहा, शक्यतो दहा-पंधरा ओळींचा. ऑब्जेक्टचा खरा क्लास कोणता ते छापा. शोधाची रांग छापा. चाललेली मेथड नेमकी कुठल्या क्लासमधली होती ते पाहा. वरपर्यंतची प्रत्येक इनिट चालली का, ते तपासा. नावं आणि पॅरामीटर अक्षरशः जुळवून बघा. ज्या यादीत गोंधळ आहे ती क्लासवर आहे की ऑब्जेक्टवर, हे ठरवा. एवढं करून दोष सापडला नाही, तर पॅरेंटने दिलेला शब्द एका वाक्यात लिहून काढा आणि चाइल्ड तो पाळतो का, हे स्वतःला विचारा. दुरुस्तीआधी बग पकडणारी टेस्ट लिहा, आणि पॅरेंटच्या टेस्ट प्रत्येक चाइल्डवरही चालवा.

पुढच्या प्रॅक्टिकलला नवा चाइल्ड क्लास लिहायला घ्याल, तेव्हा आधी पॅरेंटची इनिट आणि त्याच्या मेथड एकदा पूर्ण वाचा. तेवढ्यानेच यातले निम्मे बग लिहिले जाणार नाहीत.